पिस्तूल ब्रेस (अमेरिकी कायदा)

पिस्तुलाच्या मागच्या टोकाला बसवून पट्ट्याने कोपराखालच्या हाताला बांधायचा आधार म्हणजे पिस्तूल ब्रेस. एआर-१५ रायफलच्या घडणीवर बनलेली पिस्तुले साध्या पिस्तुलापेक्षा लांब आणि बरीच जड असतात. एका हाताने उचलली की त्यांचे तोंड खाली झुकते. त्यांच्या मुठीमागे स्प्रिंगची एक नळी मुळातच असते, तिच्यावर ब्रेस सरकवला जातो. हात बांधला की नेम स्थिर राहतो. पण तोच ब्रेस खांद्याला टेकवला तर तो रायफलच्या दस्त्याचे काम करतो. अमेरिकेत दशकभर चाललेला वाद इथूनच सुरू झाला.

त्याचे मूळ १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टमध्ये आहे. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर आलेल्या या कायद्याच्या मूळ मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरही होती. पिस्तुलावर कर आणि नोंदणी येणार, तर लोक रायफल कापून आखूड करतील आणि पळवाट काढतील, म्हणून आखूड रायफलही त्यात घातली गेली. पुढे विरोधामुळे पिस्तुले वगळली, पण पळवाट बुजवणारे कलम तसेच राहिले. ज्या दारासाठी कडी बसवली ते दारच काढून टाकले आणि कडी ठेवली, असा हा प्रकार आहे. नंतरचा सगळा गोंधळ समजून घ्यायचा तर ही गोष्ट ध्यानात ठेवावीच लागते.

आजच्या कायद्यानुसार गोळी सुटते ती नळी (बॅरल) १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असलेली रायफल ‘आखूड नळीची रायफल’ ठरते. तिची केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि ती बनवताना वा हस्तांतरित करताना २०० डॉलर कर होता. १९३४ मध्ये ही रक्कम फार मोठी होती. नोंदणी न करता ती बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आणि रायफल कशाला म्हणायचे? जे शस्त्र खांद्यावरून चालवण्याच्या हेतूने घडवले आहे त्याला. म्हणजे दहा इंची नळीचे पिस्तूल घरात ठेवणे साधी बाब, पण त्यालाच दस्ता जोडला की गंभीर गुन्हा.

ब्रेसची कल्पना अ‍ॅलेक्स बॉस्को यांची. अपंगत्व आलेल्या एका माजी सैनिकाला एका हाताने नेम धरता यावा म्हणून त्यांनी तो बनवला. शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय यंत्रणेने २०१२ मध्ये पत्र देऊन सांगितले की ब्रेस लावल्याने पिस्तूल पिस्तूलच राहते. त्यानंतर ब्रेसची विक्री वाढत गेली. मात्र यंत्रणेचे मत स्थिर राहिले नाही. खांद्याला लावून गोळी झाडली तरी वर्गवारी बदलत नाही, असे २०१४ चे पत्र म्हणते. तसे वापरणे म्हणजे शस्त्राची नव्याने रचना करून आखूड रायफल बनवणे, असे जानेवारी २०१५ चे खुले पत्र म्हणते. २०१७ मध्ये ही भूमिका पुन्हा सौम्य झाली. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाची दहा वर्षे अवलंबून आहेत, त्याचे उत्तर अशा पत्रांतून शोधावे लागणे सामान्य नागरिकावर अन्याय करणारे होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ओहायोतील डेटन येथे नऊ आणि मार्च २०२१ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डरच्या किराणा दुकानात दहा जण गोळीबारात मारले गेले. दोन्ही ठिकाणी ब्रेस लावलेली एआर घडणीची पिस्तुले वापरली गेली होती. अपंगांसाठीच्या साधनाआड नोंदणी चुकवलेल्या आखूड रायफली विकल्या जात आहेत, हा आक्षेप त्यामुळे बळावला. बायडन प्रशासनाने जून २०२१ मध्ये गुण देऊन वर्गवारी करणाऱ्या तक्त्यासह मसुदा काढला. जानेवारी २०२३ च्या अंतिम नियमात मात्र तो तक्ता गायब होता. त्याच्या जागी वजन, लांबी, ब्रेसच्या मागच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, जाहिरात आणि लोकांमधील प्रत्यक्ष वापर असे निकष आले. खांद्यावरून चालवण्याजोग्या ठरणाऱ्या शस्त्रांच्या मालकांना ३१ मे २०२३ पर्यंत करमुक्त नोंदणी करण्याची, ब्रेस काढून टाकण्याची, लांब नळी बसवण्याची किंवा शस्त्र जमा वा नष्ट करण्याची मुभा होती. देशात ब्रेस किती, यावर एटीएफचा अंदाज ३० लाखांचा, तर अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन सेवेचा १ ते ४ कोटींचा होता. नोंदणीसाठी अर्ज आले सुमारे अडीच लाख.

नियम न्यायालयात टिकला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने ‘मॉक विरुद्ध गार्लंड’ खटल्यात म्हटले, की लोकांनी हरकती नोंदवल्या त्या मसुद्यावर आणि लागू झाले ते वेगळेच, त्यामुळे हा नियम बेकायदा ठरण्याचीच शक्यता आहे. नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या एका न्यायाधीशांनी देशभर स्थगिती दिली. जून २०२४ मध्ये न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी नियम रद्दबातल केला. आठव्या सर्किटनेही निकष मनमानी असल्याचे मत दिले. किती क्षेत्रफळ म्हणजे जास्त, हेच नियमात सांगितले नव्हते. जुलै २०२५ मध्ये सरकारने ओकॉनर यांच्या निकालाविरुद्धचे आपले अपील मागे घेतले. त्याच महिन्यात मंजूर झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलींवरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आणला. नोंदणीची अट मात्र कायम आहे.

ब्रेसवर आज सरसकट केंद्रीय बंदी नाही. पण १९३४ च्या कायद्यातील व्याख्या जागेवर असल्याने एखादे विशिष्ट शस्त्र आखूड रायफल ठरण्याची शक्यता उरतेच. राज्यांचे नियमही निराळे आहेत. इलिनॉयच्या २०२३ च्या कायद्यात, खांद्यावरून गोळी झाडणे सोपे करणारा ब्रेस हा पिस्तुलाला ‘असॉल्ट वेपन’ (लष्करी धाटणीचे, बंदी असलेले शस्त्र) ठरवणाऱ्या लक्षणांपैकी एक आहे. अमेरिकेत एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी माणसांपुढे तर ब्रेसच्या आधीचा प्रश्न उभा राहतो. शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायदा त्यांना कोणतीही बंदूक किंवा काडतुसे बाळगू देत नाही.