हेइताई साकाझुकी : विमानदलाच्या स्मृतिबश्या

हेइताई साकाझुकी म्हणजे लष्करातली नोकरी पुरी करून घरी परतलेला जपानी सैनिक आपल्या माणसांना वाटत असे ती चिनी मातीची रंगवलेली उथळ बशी. साके हे तांदळाचे मद्य पिण्यासाठी ती असते आणि तळहातावर सहज मावते. तिला ‘गुनपाई’ असेही म्हणतात. घोडदळ, पायदळ, तोफखाना, आरमार अशा सगळ्यांच्या बश्या सापडतात. या नोंदीत मुख्यतः विमान रंगवलेल्या बश्यांचा विचार केला आहे.

ही बशी सरकार देत नसे, हे आधी लक्षात घ्यावे. १८७३ च्या कायद्याने जपानात सक्तीची लष्करभरती सुरू झाली. गावातला मुलगा पलटणीत निघाला की नातलग आणि शेजारीपाजारी त्याच्या हातावर पैसे ठेवत. या निरोपाच्या देणगीला सेंबेत्सु म्हणतात. ज्याने दिले त्याला काहीतरी परत द्यायचेच, ही तिकडची जुनी रीत. परतीचा आहेर ठाऊक असलेल्या मराठी घराला ती वेगळी समजावून सांगायला नको. मुलगा सुखरूप परतला की स्वतःच्या खर्चाने बश्या करवून घेई आणि ज्यांनी त्याला निरोप दिला होता त्यांच्या घरी पोचवी. बशीवर पलटणीचे नाव, सेवा संपल्याची किंवा विजयी होऊन परतल्याची खूण आणि त्याचे आडनाव लिहिलेले असे. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालून घेतात, तसेच हे.

चीन-जपान (१८९४–९५) आणि रशिया-जपान (१९०४–०५) या युद्धांच्या काळात प्रथा फोफावली. विमाने त्यानंतर आली. जपानी भूमीवरचे पहिले विमानोड्डाण डिसेंबर १९१० मध्ये तोक्योतल्या योयोगीच्या मैदानावर झाले आणि १९१४ मध्ये चीनमधल्या त्सिंगताओ या जर्मनांच्या ताब्यातल्या बंदराच्या वेढ्यात जपानने विमाने प्रथमच युद्धात वापरली. जपानला स्वतंत्र हवाई दल कधीच नव्हते. भूदलाची विमाने वेगळी, आरमाराची वेगळी. म्हणून बशीवर विमानासोबत पाच टोकांचा तारा असेल तर ती भूदलाची आणि नांगर असेल तर आरमाराची, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

काळ ठरवायला मात्र पलटणीचे नावच जास्त उपयोगी पडते. भूदलाच्या विमानी तुकड्यांना ‘हिको रेंताई’ म्हणजे विमान रेजिमेंट हे नाव १९२५ मध्ये मिळाले आणि १९३८ च्या फेररचनेत ते जाऊन ‘हिको सेंताई’ आले. ‘हिको रेंताई’ लिहिलेली बशी म्हणूनच साधारण या तेरा वर्षांतली धरावी. पहिली आणि दुसरी रेजिमेंट गिफू प्रांतातल्या काकामिगाहारा इथे होती. तोच प्रांत मिनो या मृत्पात्र-परंपरेचा. ताजिमी आणि तोकी ही भट्ट्यांची गावे तिथून फार दूर नाहीत.

विमानदलाची एखादी चांगली बशी हातात घेऊन पाहावी. मधोमध निळ्या रेघांचे दुहेरी पंखांचे विमान, एका बाजूला लाल सूर्याचा ध्वज, कडेला चेरीच्या फिकट गुलाबी पाकळ्या आणि त्यांच्यामध्ये सोनेरी अक्षरे. पांढरी बशी आधी सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजून घेत. झिलईवरचे रंग आणि सोने नंतर कुंचल्याने लावून ती पुन्हा सुमारे ८०० अंशांना भाजत. स्वस्त मालावर कातरलेल्या साच्यातून रंग मारलेला असतो. त्याच्या कडा सगळीकडे सारख्या दिसतात. हाताने रंगवलेल्या बशीत पंखाची रेघ सुरुवातीला जाड असते, पुढे बारीक होत जाते आणि टोकाशी रंगाचा बारीक थेंब साचतो. विमान नेमके कोणत्या जातीचे हे अशा चित्रावरून ठरवू नये. रंगाऱ्याला विमान दिसावे एवढेच पुरेसे असे.

या बश्यांना ‘कामिकाझे वैमानिकाचा शेवटचा पेला’ म्हणणे चूक आहे आणि ही चूक वारंवार होते. आत्मघाती उड्डाणे ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपीन्सच्या लढाईत सुरू झाली. उड्डाणापूर्वी निरोपाचा पेला घेण्याची पद्धत तेव्हा होती. पुन्हा भेट होणार नाही अशा वेळी साकेऐवजी पाणी पिण्याची ‘मिझुसाकाझुकी’ ही रीत तर त्याहूनही जुनी आहे. पण तो पेला जाणाऱ्याचा. स्मृतिबशी परत आलेल्याची. दोन्ही एकच मानल्या की बशीचा अर्थच उलटा होतो.

महायुद्ध वाढत गेले तशी प्रथा आटली. सेवा संपवून घरी येणारे कमी झाले आणि भट्ट्यांवर सरकारी नियंत्रण आले. धातू कमी पडू लागला तेव्हा हातबॉम्बची कवचेदेखील चिनी मातीची होऊ लागली. १९४५ मध्ये मातीची नाणीही पाडली गेली, पण ती रीतसर चलनात येण्याआधीच युद्ध संपले.

पेटीत जपून ठेवलेल्या बश्या आजही झळझळीत दिसतात. ज्यांतून खरोखर साके प्यायले गेले त्यांचे तसे नाही. निळा रंग झिलईखाली असेल तर तो टिकतो, सोने वर असल्याने ओठांनी आणि धुण्याने आधी तेच जाते. अशी बशी उजेडात तिरपी धरली की पलटणीच्या नावाचा मंद ठसा तेवढा दिसतो. आडनाव अनेकदा बाहेरच्या अंगाला, तळाच्या कडेजवळ लिहिलेले असते. तिथे ओठ लागत नाहीत, म्हणून ते अजून वाचता येते.