लायसन जप्त झालं किंवा निलंबनाची नोटीस आली तर

आमच्या ठाणे कार्यालयातल्या अशिलांसाठी माहितीपत्रक

सर्वांत आधी एक विनंती. पोलिसांनी लायसन घेतलं असेल, तर चलनाचा मेसेज आल्या आल्या मोबाईलवरून पैसे भरू नका. एक दिवस थांबा आणि हे पत्रक वाचा.

पैसे भरले की प्रकरण मिटलं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात एका घटनेतून दोन स्वतंत्र प्रकरणं सुरू होतात. एक दंडाचं. ते वाहतूक शाखेकडे असतं, नाही भरलं तर न्यायालयात जातं. दुसरं लायसनचं, आणि ते आरटीओकडे चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं आहे की तडजोड शुल्क (म्हणजे चलनाची रक्कम) भरलं तरी लायसनवरची कारवाई सुटत नाही. उलट, भरलेलं चलन पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजलं जातं. म्हणजे पाचशे-हजार रुपये देऊन तुम्ही घटना मान्य करता आणि लायसन तिथेच अडकलेलं राहतं. गुन्हा खरोखर घडला असेल तर दंड भरावाच लागेल, तो आम्ही टाळायला सांगत नाही. पण चलनावरचा फोटो, नंबर, वेळ, ठिकाण आणि कलम न तपासता भरू नका.

लायसन घेण्याचा अधिकार कुणाला, निलंबनाचा कुणाला

रस्त्यावरचा पोलीस लायसन जप्त करू शकतो, निलंबित करू शकत नाही. कलम २०६(४) खाली त्याला ते आरटीओकडे पाठवावं लागतं. हे कलम ठराविक गुन्ह्यांनाच लागू होतं: अतिवेग (१८३), धोकादायक चालवणं, यात हातात मोबाईल धरून चालवणंही येतं (१८४), दारू पिऊन चालवणं (१८५), शर्यत (१८९), असुरक्षित स्थितीतलं वाहन (१९०), दुचाकीवर तिघे (१९४ग), हेल्मेट नसणं (१९४घ) आणि रुग्णवाहिकेला वाट न देणं (१९४ङ). पार्किंगच्या चलनासाठी या कलमाखाली लायसन घेता येत नाही.

जप्तीची तात्पुरती पोच घेतल्याशिवाय जागा सोडू नका. कोणतं कलम, कोणती तारीख आणि लायसन कोणत्या आरटीओकडे पाठवणार, या तीन गोष्टी पोचेवर हव्यात. आपल्या भागात तिसरी गोष्ट महत्त्वाची ठरते. ऐरोलीहून पूल ओलांडून मुलुंडला गेलात की पोलीस आयुक्तालय बदलतं. लायसन ठाण्याचं (एमएच ०४), गाडी नवी मुंबईची (एमएच ४३) आणि कारवाई मुंबई हद्दीत, असं सहज घडतं. मग माणूस तीन कार्यालयांत फिरतो आणि तोवर सुनावणीची तारीख निघून जाते.

पोच म्हणजे गाडी चालवण्याची परवानगी नव्हे. कायद्यात हे शब्द तसेच आहेत: लायसन परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही. डिजीलॉकरमधली प्रतही तेव्हा वाचवत नाही, कारण निलंबनाची नोंद सारथी या लायसनच्या सरकारी पोर्टलवर चढते आणि तपासणाऱ्याला ती दिसते.

नोटीस आणि तिचं उत्तर

सुनावणीची संधी दिल्याशिवाय आरटीओला लायसन निलंबित करता येत नाही. कलम १९(१क) प्रमाणे म्हणणं ऐकून अधिकारी तुम्हाला सोडून देऊ शकतो. नाहीतर सविस्तर लेखी कारणं नोंदवून पहिल्या गुन्ह्यासाठी ३ महिने अपात्र ठरवू शकतो. दुसऱ्या वेळी लायसन थेट रद्द होतं. म्हणून पहिल्या वेळेची नोंद चुकीची असेल तर ती तेव्हाच खोडून काढली पाहिजे. वर्षभराने दुसरं प्रकरण आल्यावर पहिल्याबद्दल बोलून फारसा उपयोग होत नाही.

तीन महिन्यांचा हा आकडा अधिकाऱ्यांच्या हाताला आधीपासून बसलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं होतं की अतिवेग, लाल सिग्नल तोडणं, मोबाईल, दारू, मालगाडीत जादा माल आणि मालगाडीत माणसं, या सहा बाबतींत लायसन किमान तीन महिने निलंबित करा. त्यामुळे ‘साहेब, एकदा माफ करा’ एवढंच बोललात तर छापील आदेशावर तीन महिने पडतात. कागदावरचं नेमकं उत्तर लागतं.

सगळ्यात जास्त प्रकरणं बिघडतात ती पत्त्यामुळे. लायसन डोंबिवलीच्या जुन्या भाड्याच्या घराचं आणि माणूस आठ वर्षं घणसोलीत. नोटीस डोंबिवलीला जाऊन परत येते, सुनावणी एकतर्फी होते आणि पुढच्या नाकाबंदीत कळतं की लायसन निलंबित आहे. जप्तीनंतर दर आठवड्याला लायसन क्रमांक आणि जन्मतारीख टाकून सारथीवर स्थिती पाहा. आरटीओत स्वतः एक अर्ज देऊन सध्याचा पत्ता कळवा आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. हा शिक्का पुढे अपिलात खूप कामाला येतो.

लेखी म्हणण्यात काय घालायचं हे गुन्ह्यावर अवलंबून आहे. पण एक मुद्दा बहुतेक चालकांना माहीतच नसतो आणि पोट गाडीवर असलेल्यांना त्याचा मोठा आधार होऊ शकतो. कलम १९ म्हणतं की लायसनवरच्या ‘सर्व किंवा कोणत्याही’ वर्गाच्या वाहनांपुरतं अपात्र ठरवता येतं. एकाच वर्गापुरता आदेश झाला तर तशी नोंद करून लायसन परत द्यावं लागतं. समजा, एखादा चालक दिवसभर तुर्भ्याच्या भाजी बाजारातून टेम्पो नेतो आणि रात्री कोपरखैरण्याला मोटारसायकलवर घरी जाताना सिग्नल तोडताना सापडतो. त्याच्या लायसनवर मोटारसायकल आणि हलकं वाहन असे दोन वर्ग आहेत. त्याने असं लिहावं:

‘मी दि. … रोजी मोटारसायकल चालवत होतो. माझ्या परवान्यावर मोटारसायकल व हलके वाहन हे दोन वर्ग आहेत. हलक्या वाहनाबाबत माझ्यावर यापूर्वी कोणतीही कारवाई नाही. माझी उपजीविका हलके वाहन चालवण्यावर असून मालकाचे पत्र व बँकेचा उतारा सोबत जोडला आहे. अपात्रतेचा आदेश करायचाच झाल्यास कलम १९ अन्वये तो मोटारसायकल या वर्गापुरता मर्यादित ठेवावा, तसेच परवाना दि. … पासून जप्त आहे, तो काळ मुदतीत धरावा.’

अधिकारी हे मान्य करेलच असं नाही. हेल्मेट आणि ट्रिपल सीटच्या कलमांतच ३ महिने अपात्रता लिहिलेली असल्याने तिथे वाव कमी असतो. तरीही मागणी लेखी हवी. मागितलीच नाही तर अपिलात हा मुद्दा कशाच्या जोरावर मांडणार?

कॅमेऱ्याचं चलन असेल तर तपासणी वेगळी. ई-चलान गाडीच्या मालकाच्या नावाने निघतं, लायसनवरची कारवाई मात्र चालवणाऱ्यावर होते. पाम बीच रोडवर गाडी मेहुणा चालवत होता आणि चलन तुम्हाला आलं, तर तुमच्या लायसनला हात लागता कामा नये. पण कलम १३३ प्रमाणे चालवणाऱ्याचं नाव-पत्ता मालकाला द्यावाच लागतो. ‘कोण चालवत होतं आठवत नाही’ हे उत्तर कृपया देऊ नका. याशिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १६७क प्रमाणे घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची असते. फोटोत गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही दिसायला हवेत आणि यंत्राचं मान्यता प्रमाणपत्र चालू असावं लागतं. नंबर प्लेटचा एखादा अंक पुसट असला की दुसऱ्याचं चलन तुमच्या नावावर चढतं. गाडीचा रंग, आरसे, मागचं स्टिकर असे बारकावे दाखवणारे स्वतःच्या गाडीचे फोटो सोबत जोडा.

दारूचं प्रकरण

याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे घाईने सगळ्यात जास्त नुकसान होतं. कलम १८५ मध्ये रस्त्यावर तडजोड नाही, प्रकरण न्यायालयातच जातं. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही.

न्यायालयाच्या आवारात कुणीतरी सांगतं, गुन्हा कबूल करा, दंड भरा, दुपारी घरी. दंडापुरतं ते खरं आहे. पण कलम २०(२) प्रमाणे १८५ खाली दोषी ठरलेल्याला न्यायालयाने किमान ६ महिने अपात्र ठरवायचं असतं. कबुली हीसुद्धा दोषसिद्धीच. कॅब चालवणाऱ्याचा सहा महिन्यांचा धंदा त्या एका सहीत जातो आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून कबुलीआधी आम्ही कागद मागवतो: श्वासचाचणीची छापील पट्टी, तिच्यावरची वेळ आणि यंत्राचा क्रमांक, यंत्राच्या तपासणीचा दाखला, अटक केली असल्यास दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे नेलं का त्याची नोंद. कागद चोख असतील आणि आकडा मर्यादेच्या बराच वर असेल, तर तसं आम्ही तोंडावर सांगतो. खोटी आशा दाखवून तारखांचे पैसे घेणं आम्हाला मान्य नाही.

अपघातात कुणी दगावलं किंवा गंभीर जखमी झालं असेल आणि चालकाला आधी कलम १८४ खाली शिक्षा झालेली असेल, तर कलम २१ प्रमाणे गुन्हा नोंदल्याच्या तारखेपासून लायसन ६ महिने आपोआप निलंबित होतं. हे प्रकरण पत्रकावर निभावण्यासारखं नाही. त्याच दिवशी वकील गाठा.

आदेश विरोधात गेला तर

आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून मोजतात, म्हणून पाकीट फेकू नका. त्याच्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच तुमचा पुरावा. आदेशात कारणं लिहिलेली नसतील, नुसते छापील चौकोन भरलेले असतील, तर अपिलात तो बळकट मुद्दा असतो. मात्र अपील दाखल केलं म्हणून निलंबन थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, आणि तोही पहिल्याच दिवशी. अपात्रता लांबलचक असेल तर कलम २३ खाली आदेशापासून ६ महिन्यांनंतर ती उठवण्याचा अर्ज करता येतो. तो फेटाळला तर पुढचे ३ महिने पुन्हा अर्ज नाही.

निलंबनाच्या काळात गाडी चालवलीत तर कलम १८२ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. अपात्र चालकाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनीला कलम १५० खाली बचाव मिळतो. जखमीची भरपाई कंपनीने दिली तरी ती मालकाकडून वसूल होऊ शकते, आणि ही रक्कम लाखांत असते. जाणूनबुजून गाडी दिली तर मालकावर वेगळा गुन्हा, कलम १८०, दंड ५,००० रुपये. टेम्पो आणि स्कूलबसचे मालक हे पत्रक वाचत असतील तर त्यांनी आपल्या प्रत्येक चालकाची स्थिती सारथीवर महिन्यातून एकदा पाहावी.

मुदत संपली की लायसन आपोआप घरी येत नाही. कलम १९(२क) प्रमाणे चालक उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच ते परत मिळतं. मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र मुदत संपायच्या आत हातात ठेवा, नाहीतर तीन महिन्यांचे चार होतात. मधल्या काळात लायसनची वैधताच संपत असेल तर नूतनीकरणाची तारीखही लिहून ठेवा. संपल्यापासून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

आमच्याकडे येताना

जप्तीची पोच, चलनाची छापील प्रत, नोटीस किंवा आदेश पाकिटासकट, लायसनच्या दोन्ही बाजूंची प्रत, आरसी, विमा आणि कामाचा पुरावा आणा. रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी बॅज आणि परमिटही आणावं. आधीची सगळी चलनं, भरलेली आणि न भरलेली, दोन्ही दाखवा. एखादं लपवलंत तर सुनावणीत ते अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर निघतं आणि आमचं बाकीचं म्हणणंही कच्चं पडतं. हेल्मेटचा पहिलाच गुन्हा असेल आणि फोटो स्वच्छ असेल तर वकील लावण्याची गरज नाही. वर दिलेला मसुदा स्वतःच्या तपशिलांनी भरून स्वतःच द्या, आम्ही एकदा नजरेखालून घालू. आदेश मिळून वीस दिवस उलटून गेले असतील तर फोन केल्यावर बाकी सगळ्याआधी ती तारीख सांगा, म्हणजे त्याच दिवशीची वेळ देता येईल.