पुट ऑफ : ढकललं, टोलवलं की वासना उडाली?

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या शिकवणीत दहावीतल्या एका मुलीनं परवा लिहिलं, 'द स्मेल पोस्टपोन्ड माय फूड'. मूळ वाक्य होतं, 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड'. त्यातल्या क्रियापदाच्या जागी समानार्थी शब्द घालायचा होता. मी खोडायला पेन उचललं तशी ती म्हणाली, "मॅडम, डिक्शनरीत पुट ऑफ म्हणजे पोस्टपोन असंच लिहून आहे ना!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धं होतं.

साध्या क्रियापदाला ऑफ, अप, आउट असा छोटा शब्द जोडून नवाच अर्थ काढायची इंग्रजीची सवय जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सननं 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की परक्यांना सगळ्यात जास्त अडचण याच जोड्यांची होते. तरी या जोड्या मनमानी नसतात. 'ऑफ'चा मूळ भाव 'पासून दूर'. मग विचारायचं एवढंच, की काय दूर सारलं? काम सारलं, तर ते लांबणीवर पडलं. पैसे मागायला आलेल्या माणसाला सारलं, तर त्याला टोलवलं. आणि वासानं माणसालाच ताटापासून दूर सारलं, तर त्याची अन्नावरची वासना उडाली. क्रियापद तेच, पण कर्म बदललं की मराठी शब्दही बदलतो.

पहिल्या अर्थापुरतेही सगळे शब्द एका मापाचे नाहीत. 'पोस्टपोन' लॅटिनमधून आला, 'नंतर ठेवणे' असा त्याचा सरळ अर्थ. म्हणून तो 'पुट ऑफ'चा सख्खा भाऊ, फक्त कचेरीतले कपडे घातलेला. 'प्रोक्रॅस्टिनेट'च्या पोटात लॅटिनमधला 'उद्या' बसलाय आणि त्या उद्याला दोष चिकटलेला आहे. 'ॲडजर्न'मध्ये फ्रेंचांचा 'दिवस' आहे : चालू बैठक थांबवून पुढच्या दिवसावर नेणे. सुरूच न झालेली परीक्षा ॲडजर्न होत नाही.

आपल्याकडेही हेच. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरकरांच्या कानावर 'कामकाज तहकूब' हे शब्द सतत पडतात. पण लग्न कुणी तहकूब करत नाही, ते पुढे ढकलतात. न्यायालय निर्णयाला स्थगिती देतं, शाळा सहल पुढे ढकलते. अरबीतून आलेल्या 'मुलतवी'चा मूळ अर्थ मुरडलेलं, वळलेलं; आज तो बैठकीच्या नोटिशीत शोभतो. डॉक्टरांनी ताप आहे म्हणून ऑपरेशन लांबवलं, तर ते पुढे ढकललं. घरच्यांनी उगाच लांबवलं, तर ती चालढकल. तारीख दोन्हीकडे तेवढीच सरकली, पण दुसऱ्या शब्दात बोट कुणावर रोखलंय ते दिसतं. मुलांना मी हेच परत परत सांगते : अर्थ बघा, आणि बोट कुणावर आहे तेही बघा.

यात मला सगळ्यात आवडतं ते काळाचं कोडं. बुधवारची बैठक दोन दिवस 'फॉरवर्ड' सरकवली, तर ती कधी होणार? इंग्रजी भाषकांना हे विचारलं, तेव्हा काहींनी सोमवार सांगितला, काहींनी शुक्रवार. आपण काळातून पुढे चाललोय असं धरलं, तर 'फॉरवर्ड' म्हणजे शुक्रवार. काळच आपल्याकडे येतोय असं धरलं, तर सोमवार. विमानतळावरच्या पाहणीत तर नुकतेच विमानातून उतरलेले लोक, कुणाला घ्यायला आलेल्यांपेक्षा, शुक्रवारकडे जास्त झुकलेले आढळले. 'पुट ऑफ'मध्ये हा घोळ होत नाही, कारण 'ऑफ' आपल्यापासून दूरच नेतं. आपलं 'पुढे'ही एकटं असलं तर कधी गोंधळात टाकतं, पण त्याला 'ढकलणं' जोडलं की बैठक शुक्रवारीच.

हे सगळं ऐकून ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मॅडम, वासानं तिची भूक मेली." मी म्हटलं, आता हेच इंग्रजीत लिही. वर्कबुकात एका शब्दापुरता चौकोन होता. तिनं त्यात बारीक अक्षरात तीन शब्द बसवले : 'किल्ड माय ॲपेटाइट'.