शैक्षणिक कर्ज (ग्रामीण विदर्भ)

शैक्षणिक कर्ज मंजूर होते विद्यार्थ्याच्या नावावर. पण विदर्भातल्या खेड्यात त्याचा निकाल बहुधा बापाच्या पीककर्जाच्या खात्यावर लागतो.

बँकांची आजची पद्धत भारतीय बँक संघाच्या २००१ सालच्या आदर्श योजनेवर उभी आहे. मूळ योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. २०१५ पासून केंद्राच्या पतहमी निधीमुळे (कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाईची हमी देणारा निधी) ही बिनतारण मर्यादा ७.५ लाखांवर गेली. शिक्षण संपल्यावर वर्षभर सवड आणि पुढे १५ वर्षांपर्यंत हप्ते, अशी सर्वसाधारण रचना असते.

अडते ते सहकर्जदारापाशी. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तशी एखादी साल गेली की पीककर्ज थकते, ‘सिबिल’ (कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुणांकन) खराब होते आणि मुलाची फाइल तिथेच थांबते. गुण मुलाचे, थकबाकी बापाची. हा अन्यायच आहे. आदर्श योजनेनुसार शाखेला परस्पर नकार देता येत नाही, वरिष्ठ कार्यालयाची संमती लागते. ही गोष्ट गावात फार थोड्यांना ठाऊक असते. त्यातून वेळही आडवी येते. जूनमध्ये घरातला पैसा बियाण्या-खतात जातो, प्रवेशफेऱ्या पावसाळ्यातच होतात आणि कापसाचे पैसे हाती येतात दिवाळीनंतर.

मोठ्या रकमेला तारण हवे. वावर असते, पण बँकांना कोर्टात न जाता तारण जप्त करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याने शेतजमीन जप्तीच्या कक्षेबाहेर ठेवली आहे, त्यामुळे बँका ती तारण घ्यायला नाखूश असतात. गावठाणातल्या घराला केवळ नमुना आठचा उतारा असतो. तो कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. २०२० च्या स्वामित्व योजनेतून गावठाणातल्या घरांना मालकीच्या मिळकत पत्रिका मिळू लागल्या, हा मोठाच दिलासा आहे.

वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी शिक्षणकाळातले व्याज भरण्याची केंद्राची योजना २००९ ची. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, मात्र ती निवडक संस्थांपुरतीच. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्याला तिचा उपयोग क्वचितच. राज्याच्या वसतिगृह निर्वाह भत्त्याला अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत मुलीला पुढे शिकवायचे की नाही हा प्रश्न फीपाशीच येऊन थांबत असे.

फेड मात्र नोकरीवर अवलंबून. ५ लाख रुपये १० टक्क्यांनी १५ वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,३७० रुपये. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला विद्यावेतन ठरले १०,००० रुपये, तेही सुरुवातीला सहाच महिने. म्हणून पहिल्या हप्त्याआधीच पोरे पुण्याची गाडी धरतात.