विद्यापीठातून पेटंट: अर्ज नेमका कुठे अडतो

कॉलेजातल्या संशोधनाचं पेटंट सहसा संस्थेच्या नावाने घेतात. प्राध्यापक आणि विद्यार्थी संशोधक म्हणून नोंदले जातात, कागद आयपीआर सेलमधून, म्हणजे संस्थेच्या बौद्धिक संपदा कक्षातून, जातात. महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतात आणि ऑनलाइन भरता येतात. इथवर कुणी फारसं अडत नाही.

अडतात ते नावीन्यावर: अर्जाआधी जगाला कळलेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत पोस्टर लागलं, पेपर छापून आला किंवा प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढला, की तुमचं काम जगजाहीर झालं. ‘जाहीर झाल्यावरही अर्जाला 12 महिन्यांची सूट असते ना?’ असं बरेच जण विचारतात. ती पेटंट कायद्याच्या कलम 31 ची सूट फार अरुंद आहे: सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध, असे मोजके प्रसंग. कॉलेजच्या यूट्यूबवर टाकलेलं प्रात्यक्षिक त्यात बसत नाही. तेव्हा कृपा करून आधी अर्ज करा, पोस्टर नंतर लावा.

घाई असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करता येतो. त्या तारखेपासून 12 महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं कायदा मानतो. या मुदतीला वाढ नाही.

पेटंट कार्यालयाकडून अर्जाचं परीक्षण आपोआप सुरू होईल, हाही एक गैरसमज. त्यासाठी फॉर्म 18 वेगळा भरावा लागतो. 15 मार्च 2024 पासून दाखल झालेल्या अर्जांना त्यासाठी 31 महिने मिळतात, आणि आधी प्रोव्हिजनल केला असेल तर ते त्याच्या तारखेपासून मोजतात. 48 महिन्यांची जुनी मुदत सांगणारी परिपत्रकं कॉलेजांनी अजून फिरवावीत, याला काय म्हणावं!

कागदांत सर्वांत छळणारा कागद म्हणजे संशोधकांनी संस्थेला हक्क दिल्याचा पुरावा. फॉर्म 1 वर, म्हणजे मूळ अर्जावर, सगळ्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर असाइनमेंट डीड, म्हणजे हक्क सोपवल्याचा लेखी दस्त. तेही अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत. तोवर विद्यार्थी पास होऊन गेलेला, फोन बंद, ईमेल कॉलेजचाच आणि तोही बंद. ही सही प्रकल्प सुरू होतानाच घेऊन ठेवा. आणि विभागप्रमुखांचं नाव मान म्हणून संशोधकांत घालू नका. ज्याने कल्पनेत खरी भर घातली तोच संशोधक. हे सांगायला अवघड जातं, पण पुढे वाद झाला तर भोगावं विद्यार्थ्यालाच लागतं.

फार्मसीवाल्यांसाठी खास: जंगलातून आणलेली वनस्पती वापरली असेल, तर फॉर्म 1 मधला जैवसामग्रीचा रकाना वाचून भरा. पेटंट मंजूर होण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ती नसल्यामुळे बाकी सगळं झालेला अर्ज शेवटच्या पायरीवर थांबतो.

शैक्षणिक संस्थेला फीमध्ये 80 टक्के सवलत आहे: ऑनलाइन अर्ज 8000 ऐवजी 1600 रुपयांत. त्यासाठी पुराव्यासह फॉर्म 28 जोडा. मोठी कंपनी सहअर्जदार असेल तर ही सवलत मिळत नाही.

परीक्षण अहवाल आला की उत्तराला सहा महिने असतात. तो सेलच्या ईमेलवर येतो आणि सुट्टीत कुणी उघडत नाही, म्हणून पोर्टलवर स्वतः बघत राहा.

पेटंट मिळाल्यावर कंपनीला परवाना द्यायचा तर करार लेखीच हवा आणि फॉर्म 16 भरून त्याची नोंद पेटंट कार्यालयात करायची. प्राध्यापकाने परस्पर दिलेल्या तोंडी शब्दाला इथे किंमत नाही. हक्क संस्थेचा, सहीही संस्थेचीच. कुणालाच परवाना दिला नसला तरी पेटंट वापरात आहे की नाही, हे फॉर्म 27 मध्ये दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा कळवावंच लागतं.