कारकुनाच्या बोरूतून सुटलेलं अक्षर

सुलेखनाच्या प्रदर्शनात एक प्रसंग हमखास घडतो. कुणीतरी भिंतीवरच्या कामासमोर मान तिरकी करून उभं राहतं आणि सोबतच्याला हळूच विचारतं, "हे काय लिहिलंय रे?" सोबतचा डोळे बारीक करतो, ‘विठ्ठल’ असावं असा अंदाज ठोकतो आणि दोघं पुढे सरकतात. बहुतेक सुलेखनकारांना हा प्रश्न नकोसा वाटतो. पण विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. अक्षर वाचायला असतं, ही आपल्याकडची समजूत फार जुनी आहे आणि ती ओवीबद्ध करून ठेवणारा माणूसही साधासुधा नव्हता.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. "ब्राह्मणें बाळबोध अक्षर । घडसून करावें सुंदर" अशी त्याची सुरुवात. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, शाई काळी कुळकुळीत असावी, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात. कागदाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, देशोदेशीचे बोरू आणून ठेवावेत. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगाचं राहत नाही, अशी व्यवहारी सूचनाही आहे. (माझ्यासारख्या चष्मेवाल्याला ही ओवी सगळ्यात जवळची वाटते.) पण खरी मेख याच समासातल्या आणखी एका ओवीत आहे: "पहिलें अक्षर जें काढिलें । ग्रंथ संपेतो पाहात गेलें । येका टांकेंचि लिहिलें । ऐसें वाटे ॥"

म्हणजे ग्रंथाचं शेवटचं अक्षर पहिल्यासारखंच दिसलं पाहिजे. मधल्या काही महिन्यांत लिहिणारा थकला, आजारी पडला, आनंदात होता की दुःखात, याचा मागमूसही कागदावर उरता कामा नये. चांगला लेखनिक तो, जो अक्षरामागे नाहीसा होतो. आज सुलेखनकार ज्याला ‘माझं स्वतःचं काम’ म्हणतो, त्याच्या नेमकी उलटी ही अपेक्षा आहे. एवढा मोठा पालट कसा झाला हे पाहायचं, तर बाळबोध सोडून मोडीकडे जावं लागतं.

बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, ही पोथीची लिपी होती, मोडी ही कामाची. सनदा, वसुलाचे हिशेब, जमिनीचे व्यवहार, लष्करी पत्रं, सावकाराच्या वह्या, सगळं मोडीत. आधी कागदावर आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, दोन शब्दांत जागा नाही, हात होता होईल तो उचलायचा नाही. परंपरा तिचं श्रेय यादवांच्या हेमाडपंताला देते, अभ्यासकांना ते सरसकट मान्य नाही. ते काही असो, मोडीचा स्वभाव घडवला तो घाईने. सांडणीस्वार दारात उभा असताना मोत्यांच्या माळा गुंफत बसायला सवड कुणाला? तरीही या कारकुनी लिपीत वळणं उमटलीच. शिवकाळातली चिटणिसी, पेशवाईतली बिवलकरी अशी नावं त्यांना मिळाली. पुढे इंग्रजी अमलात बोरू जाऊन धातूची निब आली. तिने मोडीतला जाड-बारीकपणा बराचसा पुसला आणि अक्षर आणखी तिरकं, आणखी धावरं झालं. पुण्याच्या अभिलेखागारातले रुमाल (कापडात बांधलेली दप्तरं) उघडून निरनिराळ्या काळातली पत्रं शेजारी शेजारी ठेवली, तर हा बदल मजकूर न वाचताही दिसतो.

छपाई आली तेव्हा मोडीलाही संधी मिळाली होती. विल्यम कॅरी या मिशनऱ्याने बंगालातल्या श्रीरामपूरला १८१० साली काढलेला मराठी कोश मोडी खिळ्यांनीच छापलेला आहे. पण घाईची, हात न उचलता लिहायची लिपी सुट्या शिशात ओतायची, हा मुळातच अंगाबाहेरचा कपडा होता. महाराष्ट्रात छापखाने बाळबोधेवर स्थिरावले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाछापावर, म्हणजे तिथे लेखनिकाचा हात अजून शाबूत होता. मग जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना आला. १८६९ साली सुरू झालेल्या या छापखान्यासाठी राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी देवनागरीला असा काही घाट दिला की पुढच्या पिढ्यांना तोच देवनागरीचा मूळ चेहरा वाटू लागला. समर्थांची ओवी इथे खऱ्या अर्थाने फळाला आली. पहिलं आणि शेवटचं अक्षर आता खरोखरच एका साच्यातलं होतं. फक्त ते लिहिणारा उरला नव्हता. त्याच्या जागी खिळे जुळवणारा जुळारी बसला होता.

मोडी आणखी काही दशकं दप्तरांत टिकली आणि १९५०च्या दशकात शाळेतूनही गेली. आजोबांना सहज वाचता येणारा कागद नातवाला निव्वळ रेघोट्यांचा वाटू लागला. हे नुकसानच आहे, यात दुमत नाही. पण माझ्या मते सुलेखनाची आजची वाट नेमकी याच नुकसानीतून फुटली. वाचता येतं तोवर आपण अक्षर बघत नाही, त्याच्यातून आरपार अर्थाकडे जातो. मोडी वाचता येईनाशी झाली, तेव्हा ती दिसू लागली.

मधल्या काळात हाताने अक्षरं काढणाऱ्यांना पोटापाण्याचं काम दिलं ते दुकानांच्या पाट्यांनी, वर्तमानपत्रांनी आणि जाहिरातींनी. कमल शेडगे (१९३५–२०२०) हे त्यातलं ठळक नाव. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी केलेली नावं पाहूनच नाटक हसवणार की रडवणार हे कळायचं. पण ते अक्षरं लिहीत नव्हते, काढत होते. पेन्सिलीने घाट बांधायचा, मग शाई भरायची. याला अक्षरांकन म्हणतात. सुलेखनात हाताची एक फेक गेली की गेली, खोडरबर नाही. दोन्ही कामांची बाहेरून गल्लत होते, आतल्या माणसांत ती सहसा होत नाही.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) या दोन्हींच्या पलीकडे गेले. शिक्षण मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत, नोकरी जाहिरातीतली. उल्का या संस्थेत ते १९६०च्या दशकापासून दोन दशकांहून अधिक काळ कलादिग्दर्शक होते. दिवसभर गिऱ्हाइकाच्या मालाला चेहरा द्यायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचे प्रश्न घेऊन बसायचं. ते कवीही होते, साठोत्तरी प्रयोगशील कवितेच्या धांदलीतले, म्हणून शब्द कानाने ऐकायचा की डोळ्याने पाहायचा हा प्रश्न त्यांच्यासाठी कोरडा नव्हता. सगळ्या भारतीय भाषांना सामावून घेईल अशी ‘देशनागरी’ लिपी आखण्याचा त्यांचा खटाटोप कुण्या गिऱ्हाइकाने मागितलेला नव्हता. १९८३ पासून त्यांनी मुंबईच्या आयआयटीत शिकवलं आणि पुढे संगणकासाठी अक्षरं घडवली. विंडोजवर वर्षानुवर्षं दिसत आलेला ‘मंगल’ हा टंक (फाँट) त्यांचा. तो देखणा आहे असं मी म्हणणार नाही. त्या वेळच्या खडबडीत पडद्यावर काने-मात्रा शाबूत ठेवणं एवढंच त्याच्याकडून हवं होतं आणि ते त्याने चोख केलं. करोडो लोकांनी मंगलमध्ये अर्ज लिहिले, निविदा काढल्या, प्रेमपत्रंही लिहिली असतील. तो कुणी घडवला हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. अक्षरामागे नाहीसं होण्याचा समर्थांचा नियम असा पुन्हा एकदा पाळला गेला, तोही स्वतःच्या प्रयोगांवर आयुष्य घालवलेल्या माणसाकडून.

मोडी पुन्हा वर आली तीही जाहिरातीच्याच वळचणीला. जे.जे.तून बाहेर पडलेल्या अच्युत पालव या तरुणाला उल्काने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मोडीच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती दिली आणि जोशींच्या हाताखाली त्याचं काम सुरू झालं. जुने कागद पाहणं, वळणं ओळखणं, बोरू तासून तशीच अक्षरं हाताला बसवणं. त्या अभ्यासातून त्यांची ‘मुक्तलिपी’ निघाली. देवनागरीचं शरीर आणि मोडीची धाव यांचा तो मिलाफ होता. मोडी गिरवण्याशी तिला कर्तव्य नव्हतं. कारकुनाने घाईपायी न उचललेला हात इथे कुणाची घाई नसतानाही उचललेला नाही. गरज होती तिचं लकबीत आणि लकबीचं शैलीत रूपांतर झालं. पुढे पालवांनी नवी मुंबईत सुलेखनाची शाळा काढली, व्यासपीठावर प्रेक्षकांसमोर लिहिलं, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

‘स्वतःच्या कामा’ची गंमत म्हणजे त्यातही मजकूर बहुधा दुसऱ्याचाच असतो. ज्ञानोबा-तुकोबा हे मराठी सुलेखनकारांचं हक्काचं कोठार. ओवी पाठ असल्यामुळे पाहणाऱ्याला दोन अक्षरं लागली तरी बाकीची तो मनात भरून काढतो आणि सुलेखनकाराला मोडतोड करायला मोकळीक मिळते. ही सोय आहे, तशी सवयही लागू शकते. पाठ असलेल्या ओळीच्या आधारावर बरंच ढिसाळ काम खपून जातं. अनोळखी ओळ घेऊन तिला उभं करणं कितीतरी अवघड.

हत्यारांची गोष्टही इथेच येते. बाजारात मिळणारी कट निब बहुधा रोमन अक्षरांच्या हिशेबाने छाटलेली असते. देवनागरीला छाट उलट्या बाजूने तिरका लागतो, नाहीतर जाड जिथे हवं तिथे बारीक येतं. म्हणून नवशिक्याला आधी बोरू तासायला बसवतात. पहिले काही दिवस अक्षर निघतच नाही, नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आणि शाईने माखलेली बोटं.

मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, आली आणि महाराष्ट्रात गावोगाव तिचे वर्गही भरतात. तिथे दोन प्रकारचे विद्यार्थी एकाच सतरंजीवर बसलेले असतात. एकाच्या पिशवीत पणजोबांच्या जमिनीचा कागद असतो, दुसऱ्याच्या पिशवीत बोरू आणि शाईची बाटली. पहिला ओळीवर बोट ठेवून विचारतो, हे काय लिहिलंय? दुसरा तोच कागद वळवून उजेडाकडे धरतो आणि हात कुठे उचलला आहे ते शोधत राहतो.