रोमा कलावंत: दुसऱ्यांच्या चित्रांतून स्वतःच्या दालनापर्यंत

२०२२ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे देशोदेशींची दालनं असणाऱ्या इटलीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, पोलंडचं दालन आतून भिंतभर कापडाने मढवलेलं होतं. रोमा, म्हणजे युरोपात ज्यांना ‘जिप्सी’ म्हणत आले त्या समाजातल्या, माउगोझाता मिर्गा-तास या चित्रकर्तीने तिथे बारा महिन्यांची बारा भव्य कापडचित्रं लावली होती. बिएनाले १८९५ पासून भरते आहे. तिथे रोमा कलावंताने एखाद्या देशाचं अधिकृत प्रतिनिधित्व करण्याची ही पहिलीच वेळ.

मिर्गा-तास दक्षिण पोलंडमध्ये, तात्रा पर्वताच्या पायथ्याशी चार्ना गुरा या गावात राहते. नातेवाइकांचे आणि मैत्रिणींचे जुने कपडे, पडदे, चादरी यांचे तुकडे आपल्या गोधडीसारखे एकमेकांना जोडून ती माणसं उभी करते. व्हेनिसच्या चित्रांची मांडणी तिने इटलीतल्या फेरारा शहरातल्या स्किफानोइया राजवाड्याच्या भित्तिचित्रांवरून घेतली होती: एकाखाली एक तीन पट्टे. मधल्या पट्ट्यात राशिचक्र आणि रोमा स्त्रिया, खालच्यात तिच्या गावचं रोजचं जगणं. वरच्या पट्ट्यात मात्र प्रवासाला निघालेला रोमांचा तांडा आहे आणि तो मुळात तिचा नाही. जाक कालो या फ्रेंच कलावंताने सतराव्या शतकात रोमांवर चार एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) केली होती. त्यांत फाटक्या कपड्यांतली, कोंबड्या-भांड्यांसकट चाललेली माणसं दिसतात आणि चित्राखालच्या ओळी त्यांना भिकारी म्हणतात. मिर्गा-तासने तीच माणसं, त्याच ठेवणीत उचलली आणि त्यांना फुलाफुलांची, रंगीत वस्त्रं नेसवली. भिकारी म्हणणाऱ्या ओळी तिने घेतल्या नाहीत.

कालो आणि मिर्गा-तास यांच्यामध्ये चारशे वर्षं आहेत. एवढा काळ युरोपच्या चित्रांत रोमा भरपूर होते. हात पाहणारी बाई, व्हायोलिनवाला, कोंबडीचोर म्हणून ते चितारले गेले. कुंचला मात्र दुसऱ्याच्या हातात होता आणि चित्राखालची पाटीही दुसराच लिहीत होता. रोमा कलेच्या आजच्या चळवळीचं मूळ मला तिथे दिसतं. कला कमी नव्हती. ती टांगायला भिंत आणि तिच्याबद्दल बोलायचा हक्क, या दोन गोष्टी नव्हत्या.

रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून अठराव्या शतकातच लक्षात आलं होतं. पुढे वालाचिया आणि मोल्डाविया या प्रांतांत, म्हणजे आजच्या रोमानियाच्या भागात, ते गुलाम म्हणून विकले जात. ही गुलामगिरी १८५० च्या दशकात संपली. इतर देशांतही कधी हद्दपारी, कधी भाषेवर नि पेहरावावर बंदी. संगीताला त्यातही जागा मिळाली, कारण लग्नात, खानावळीत, जमीनदाराच्या वाड्यावर वादक लागतच. चित्रकाराला खोली लागते, शाळा लागते, चित्र जपून ठेवणारं कुणीतरी लागतं. दर पिढीला उठवल्या जाणाऱ्या समाजाला हे कुठून मिळणार?

नाझींनी किमान अडीच लाख रोमा आणि सिंती (रोमांचीच जर्मन भाषक प्रदेशातली शाखा) मारले. काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. त्यातून वाचलेली चाया स्टोइका ही ऑस्ट्रियातल्या घोड्यांच्या व्यापाऱ्यांच्या कुटुंबातली मुलगी. आउशविट्झ, रावेन्सब्रुक आणि बेर्गेन-बेल्सेन या तिन्ही छावण्या तिने बारा वर्षांची होण्याआधी पाहिल्या. युद्धानंतर ती गालिचे विकून जगली. १९८८ मध्ये तिने आठवणी प्रसिद्ध केल्या आणि पन्नाशी उलटल्यावर चित्रं काढायला घेतली, पुष्कळदा थेट बोटांनी. काही चित्रांत काटेरी तारा, बूट, कावळे. काहींत सूर्यफुलं आणि उन्हातल्या गाड्या. सहीशेजारी ती अनेकदा एक फांदी काढी. बेर्गेन-बेल्सेनमध्ये झाडाच्या चिकाने आपल्याला जगवलं, असं ती सांगे. २०१३ मध्ये ती गेली. पॅरिस आणि माद्रिदमधली तिची मोठी प्रदर्शनं त्यानंतरची.

संघटित प्रयत्नांची सुरुवात हंगेरीत झाली. १९७९ मध्ये आग्नेश दारोत्सी या रोमा कार्यकर्तीने बुडापेस्टमध्ये स्वयंशिक्षित रोमा चित्रकार-शिल्पकारांचं पहिलं राष्ट्रीय प्रदर्शन भरवलं. तिथलं सरकार त्या काळी रोमांना स्वतंत्र राष्ट्रीय गट मानायला तयार नव्हतं. त्यांच्याकडे ‘सामाजिक प्रश्न’ म्हणून पाहिलं जाई. अशा वेळी या माणसांना कलावंत म्हणून एका छताखाली आणणं हे धाडसच होतं. ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाने दार उघडलं, पण पुढे तोच शिक्का होऊन बसला. रोमांची चित्रं बरेचदा कलासंग्रहालयाऐवजी लोकजीवनाच्या संग्रहात गेली आणि तिथल्या कपाटांतच राहिली. १९८५ मध्ये पॅरिसमध्ये सांद्रा जायात या कवयित्री-चित्रकर्तीच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या रोमा कलावंतांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा हा प्रश्न हंगेरीबाहेरही पोचला.

या साऱ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती हंगेरीतली रोमा चित्रकर्ती ओमारा, म्हणजे मारा ओलाह. तिने चाळिशीनंतर, आई गेल्यावर, चित्रं काढायला सुरुवात केली. एका प्रदर्शनात तिच्या चित्राला आयोजकांनी परस्पर भलतंच नाव दिलं. त्यानंतर ती चित्रात काय चाललंय ते कॅनव्हासवरच लिहू लागली. निळ्या रंगात आकृती आणि त्यांच्या आजूबाजूला ठसठशीत अक्षरांत कोण काय बोललं, कुणी कसा अपमान केला, याची हकिगत. चित्र कुठेही गेलं तरी पाटी बदलायची सोय उरली नाही. १९९३ मध्ये तिने स्वतःच्या घरातच गॅलरी उघडली.

पाठिंबा देणारा कोण आणि कशासाठी देतो, याचा दुखरा धडा मात्र त्याआधीच मिळालेला होता. पोलंडमधली रोमा कवयित्री पापुशा कोंबड्यांच्या बदल्यात शिकवणी घेऊन वाचायला शिकली. १९४९ मध्ये येझी फित्सोव्स्की हा पोलिश कवी तिच्या तांड्यात राहिला आणि त्याने तिच्या कविता अनुवाद करून छापल्या. त्याच वेळी भटक्यांना सक्तीने स्थायिक करण्याच्या सरकारी धोरणाची त्याने बाजू घेतली. तांड्याच्या प्रमुखांच्या दृष्टीने पापुशाने समाजाची गुपितं परक्यांच्या हवाली केली होती. तिला वाळीत टाकलं गेलं. ती मनोरुग्णालयात राहून आली आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ एकाकी जगली. तिच्या कवितांवर फित्सोव्स्कीचं प्रेम होतं, यात शंका नाही. तरी किंमत तिने एकटीने मोजली.

म्हणूनच २००७ चं वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षीच्या व्हेनिस बिएनालेत पहिलं रोमा दालन उघडलं. क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची निवड आणि मांडणी करणारी, होती तिमेआ युंगहाउस, स्वतः रोमा आणि कलेतिहासाची अभ्यासक. आठ देशांतले सोळा कलावंत त्यात होते, ओमाराही होती. ज्यांच्यामागे कुठलंच सरकार नाही अशा लोकांनी राष्ट्रांच्या त्या मेळ्यात स्वतःचं दालन मांडलं. २०११ मध्ये दुसरं रोमा दालन झालं, त्याच वर्षी बर्लिनमध्ये रोमा आणि सिंती कलावंतांसाठी काई दिखास ही गॅलरी सुरू झाली. २०१७ मध्ये युरोपीय देशांची संघटना असलेली युरोप परिषद, ओपन सोसायटी फाउंडेशन्स ही देणगीदार संस्था आणि रोमा प्रतिनिधींनी मिळून बर्लिनमध्येच रोमा कला-संस्कृतीची युरोपीय संस्था उभी केली. तिची धुरा युंगहाउसकडेच आली. २०१९ मध्ये रोमआर्काइव्ह हे डिजिटल संग्रहालय खुलं झालं. त्यात काय ठेवायचं हे प्रामुख्याने रोमा क्युरेटरांनी ठरवलं.

भारताचा संबंध आपल्याकडे आठवतो तो मुळापुरता. १९७१ मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा काँग्रेसमध्ये रोमांच्या निळ्या-हिरव्या झेंड्यावर भारताशी नातं सांगणारं लाल चक्र स्वीकारलं गेलं. चंदीगडचे वीर राजेंद्र ऋषी यांनी या नात्यासाठी आयुष्यभर काम केलं. २०१६ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषदही झाली. पण ‘ते मूळचे आपले’ एवढ्यावर आपलं कुतूहल संपतं. ओमाराची किंवा स्टोइकाची चित्रं आपल्या कलाशाळांत दाखवली जावीत, असं मला मनापासून वाटतं.

२०२४ मध्ये समकालीन कलेसाठीच्या ब्रिटनच्या टर्नर पुरस्काराच्या अंतिम यादीत डिलेन ल बा या रोमा कलावंताचं नाव होतं. ती २००७ च्या दालनातलीच. मानसन्मान असे येऊ लागले आहेत, पण रोषही संपलेला नाही. पोलंडमधल्या बोझेंचिन इथे मिर्गा-तासने उभारलेलं रोमा नरसंहाराचं लाकडी स्मारक २०१६ मध्ये तोडलं गेलं होतं. आणि रोमा समकालीन कलेचं कायमचं संग्रहालय हे अजूनही मागणीच्या पातळीवरच आहे. २०२२ च्या डोक्युमेंटा या जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात बुडापेस्टच्या ऑफ-बिएनाले या कलाउपक्रमाने आणि बर्लिनच्या त्या युरोपीय रोमा संस्थेने ते ‘रोमामोमा’ या नावाने मांडलं. नाव आहे, संग्रहाची कल्पना आहे, इमारत नाही. आता खरा प्रश्न मोठ्या कलासंग्रहालयांच्या खरेदीचा आहे: ती ही चित्रं विकत घेतात का, आणि घेतली तर कुठल्या विभागात ठेवतात.